जागा नाही की हिशेब नाही?

हौशी रेडिओचा, म्हणजे हॅम रेडिओचा, परवाना काढलेल्या, पण हवेत कधीच न उतरलेल्या माणसांची आपल्या शहरांत वानवा नाही. परीक्षा दिली, पास झाले, व्हीयू-तीनने सुरू होणारं कॉलसाइन हाती आलं, कुणी कुणी तर लाखाच्या घरातला सेटही आणला. त्या सेटवर प्लॅस्टिकचं कव्हर आहे. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: अँटेनाला जागा नाही. परवाना आता आजन्म मिळतो, त्यामुळे या उत्तरालाही आजन्म मुदत मिळाली आहे. फ्लॅटमध्ये हे जमत नाही. सोसायटी गच्ची देत नाही. दिली तरी ती पुरेशी लांब नाही. गॅलरीत लावलेल्या हातभर काडीला कोण ऐकणार. रिटायर झाल्यावर गावाकडे घर बांधू, तेव्हा टॉवरच उभा करू. हे फक्त नवशिके म्हणत असते तर सोडून दिलं असतं. पण ज्यांच्या बंगल्यावर तीन एलिमेंटची यागी अँटेना फिरते अशी बुजुर्ग मंडळीही मान डोलावतात आणि वर सांगतात की तडजोडीची अँटेना लावण्यापेक्षा न लावलेली बरी. इतक्या शहाण्या सुरात दिला जाणारा इतका चुकीचा सल्ला या छंदात दुसरा नाही.

विरोधी पक्ष आहे त्याहून दुबळा करून दाखवायची मला गरज वाटत नाही. त्याचं म्हणणं असं: अँटेना तरंगलांबीला बांधलेली असते. ४० मीटर बँडसाठी अर्धतरंगी डायपोल घ्यायचा तर तार सुमारे २० मीटर, म्हणजे ६६ फूट लागते. दूरच्या संपर्कासाठी ती जमिनीपासून आणखी तेवढीच उंच असावी. आजूबाजूला लोखंड नसावं, वीज पडली तर ती जमिनीत उतरायची सोय असावी, शेजाऱ्याची तक्रार नसावी. टू-बीएचकेत यातली एकही अट पुरी होत नाही, सबब टू-बीएचकेत हॅम रेडिओ नाही. ऐकायला हे भौतिकशास्त्र वाटतं, आणि यातले आकडे खरोखरच बरोबर आहेत. चूक आहे ती आकड्यांवरून थेट निष्कर्षावर मारलेल्या उडीत. आदर्श अँटेना बसत नाही एवढंच यातून सिद्ध होतं. आदर्शापासून ढळलं तर नेमकं किती गमवावं लागतं, हा खरा प्रश्न. आणि तो या मंडळींनी स्वतःला कधी विचारलेलाच नाही.

तो विचारू. रेडिओच्या एस-मीटरवरचं एक घर ६ डेसिबलचं धरतात. म्हणजे तुमची शक्ती चौपट झाली तर समोरच्याचा काटा एक घर पुढे सरकतो आणि चतुर्थांश झाली तर एक घर मागे. आता समजा, तुमची गॅलरीतली अँटेना इतकी वाईट आहे की सेटने दिलेल्या शक्तीपैकी फक्त दहावा हिस्सा ती बाहेर सोडते आणि उरलेले नऊ हिस्से तारेत, जोडांत नि भिंतीत तापून वाया जातात. नव्वद टक्के नुकसान ऐकून कुणाही दुकानदाराने शटर खाली ओढलं असतं. पण दहावा हिस्सा म्हणजे १० डेसिबलची तूट, म्हणजे एस-मीटरवर पावणेदोन घरांहूनही थोडी कमी. ज्याला तुम्ही नऊवर ऐकू गेला असतात त्याला सातच्या थोडं वर ऐकू जाल. सातवर ऐकू येणाऱ्या माणसाशी गप्पा होत नाहीत का? आणि ज्या यागीपायी बंगल्यावर टॉवर, रोटेटर आणि गाय-वायरींचं जाळं उभं राहिलं, ती यागी साध्या डायपोलपेक्षा साधारण ५-६ डेसिबल जास्त देते. दिशा निवडता येते, मागचा गोंगाट कमी होतो, हे तिचे गुण मान्य. पण एवढ्या लोखंडाची कमाई मीटरवर जेमतेम एक घर आहे, हे टॉवरवाले सहसा बोलून दाखवत नाहीत. न लावलेल्या अँटेनाची तूट किती डेसिबल, हे मात्र काढता येत नाही. शून्याचा लॉगरिदम निघत नाही.

लांबीचा बाऊही असाच. ४० मीटर बँडचं माप पुढे करून सगळ्याच बँडांची वाट बंद करायची, ही या युक्तिवादातली जुनी हातचलाखी आहे. १४ मेगाहर्ट्झचा डायपोल १० मीटरचा असतो, २८ मेगाहर्ट्झचा ५ मीटरचा. पाच मीटर म्हणजे हॉलची एक भिंत. सौरचक्र २५ चा कळस २०२४ च्या सुमारास येऊन गेला. अशा काळात २८ मेगाहर्ट्झ उघडला की थोडक्या वॅटमध्ये खंड ओलांडले जातात. १४५ मेगाहर्ट्झवर तर पाव तरंगाची काडी अर्ध्या मीटरचीच होते. शिवाय तार सरळ असलीच पाहिजे असा दंडक कुणी घातला? अर्धतरंगी तारेत प्रवाह जास्त असतो मध्याला, आणि किरणोत्सर्गाचं बहुतेक काम तो मधला भागच करतो. टोकांना प्रवाह नगण्य, व्होल्टेज मात्र मोठं. त्यामुळे मधला भाग शक्य तितका मोकळा ठेवून टोकं खाली सोडली, कठड्याच्या कडेने काटकोनात वळवली, तरी फारसं बिघडत नाही. डायपोलचा मध्य टाकीजवळच्या पाइपाला बांधून दोन्ही पाय उतरते सोडले की झाली इन्व्हर्टेड व्ही, आणि तिला दोनऐवजी एकच खांब लागतो.

ज्यांना मध्यातून कोअॅक्स केबल उतरवणंही शक्य नाही त्यांच्यासाठी टोकाकडून फीड केलेली अर्धतरंगी तार आहे. ती कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण 'जमत नाही' म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती हातात घेतलेली असते. तारेच्या टोकाशी इम्पीडन्स अडीच हजार ओहमच्या आसपास असतो आणि कोअॅक्सला हवे असतात ५०. मधला सांधा म्हणजे फेराइटचं एक कडं: सव्वादोन-अडीच इंच व्यासाचा, ४३ नंबरच्या मिश्रणाचा टोरॉइड. त्यावर इनॅमल वायरचे एका बाजूला २ आणि दुसऱ्या बाजूला १४ वेढे. १४ भागिले २ म्हणजे ७, सातचा वर्ग ४९, आणि ४९ गुणिले ५० म्हणजे २४५०. कोअॅक्सच्या बाजूला १०० पिकोफॅरडचा, जास्त व्होल्टेज सोसणारा एक कपॅसिटर. हे सगळं भिंतीवरच्या वायरिंगला वापरतात तसल्या प्लॅस्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये मावतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेत एक चक्कर मारली तर फेराइटच्या त्या कड्याखेरीज बहुतेक सगळं मिळून जातं. कडं मागवावं लागतं. मग २० मीटरपेक्षा जराशी जास्त तार जोडायची, नॅनोव्हीएनए हा छोटा अँटेना-मापक लावायचा आणि १०-१० सेंटीमीटर छाटत यायचं. दर १० सेंटीमीटरला रेझोनन्स साधारण ३५ किलोहर्ट्झने वर सरकतो. तो ७.१ मेगाहर्ट्झवर आला की तीच तार १४, २१ आणि २८ वरही जवळपास बसते. गच्चीच्या टाकीपासून खाली गॅलरीपर्यंत सोडलेली एक बारीक काळी तार चार बँड देते, आणि रस्त्यावरून ती दिसतही नाही. यात टू-बीएचके आडवा कुठे आला?

गच्चीही नाही आणि बाहेर तारही सोडता येत नाही, असा शेवटचा बुरूज असतो. तिथेही मॅग्नेटिक लूप उभा आहे. तांब्याच्या २२ मिलिमीटर नळीचं एक मीटर व्यासाचं कडं आणि वर एक चांगला व्हेरिएबल कपॅसिटर. १४ मेगाहर्ट्झवर त्याची कार्यक्षमता निम्म्याच्या आसपास येते; ७ मेगाहर्ट्झवर ती दहाव्या हिश्श्याजवळ घसरते, आणि दहाव्या हिश्श्याचा हिशेब वर झालेलाच आहे. खोड एवढीच की ते फार अरुंद ट्यून होतं, फ्रिक्वेन्सी जरा हलवली की पुन्हा कपॅसिटर फिरवावा लागतो, आणि ५० वॅटला त्या कपॅसिटरवर हजारो व्होल्ट येतात. म्हणून लूप सोफ्याशेजारी ठेवायचा नाही, ट्रान्समिट करताना दोन-तीन मीटर दूर राहायचं. सिमेंट-सळईच्या खोलीत आत ठेवलेला लूप बाहेर गॅलरीत ठेवलेल्या लूपपेक्षा वाईट चालतो हे खरं आहे. फ्लॅटमधून १६० मीटर बँडवर नाव काढणं अवघड आहे, हेही खरं. पण सगळ्यात लांब बँड जमत नाही म्हणून बाकीचे सगळे सोडून देणं याला तांत्रिक कारण म्हणत नाहीत.

उंचीच्या तक्रारीत तर दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात. दहाव्या मजल्यावर राहणारा माणूस म्हणतो, माझ्याकडे टॉवर नाही. अहो, तुम्ही टॉवरमध्येच राहता. दहाव्या मजल्याची गॅलरी जमिनीपासून ३० मीटर वर असते. १४ मेगाहर्ट्झवर ही दीड तरंगलांबी झाली. बंगल्यावर एवढी उंची गाठायची तर पाया, पोलाद आणि परवानग्या यांतच हौस संपेल. व्हीएचएफवर ३० मीटरवरून रेडिओचं क्षितिज २२ किलोमीटरच्या पुढे जातं, तेही बिल्डरने आधीच बांधून दिलेलं. दुसरीकडे, बैठ्या घरात नाहीतर तीन मजली जुन्या इमारतीत राहणारा म्हणतो, माझी तार फार खाली आहे. त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं की ४० मीटर बँडवर खाली टांगलेला डायपोल आपली बरीचशी शक्ती सरळ वर फेकतो. दिवसा ती आयनावरणावरून परतते आणि तीन-चारशे किलोमीटरच्या वर्तुळात छत्रीसारखी खाली येते. डीएक्सची, म्हणजे दूरच्या संपर्कांची, शिकार करणाऱ्याला हे नको असेल. पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात बोलायला याहून सोयीची अँटेना नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन-मुरूडकडची वीज आणि मोबाइलचं जाळं कोलमडलं होतं. मुंबई ते श्रीवर्धन हे सरळ रेषेत साधारण शंभर किलोमीटर अंतर. हँडसेटवरच्या व्हीएचएफला हे फार लांब पडतं, मध्ये डोंगर आहेत. आणि उंच टॉवरवरून क्षितिजाकडे फेकलेला ७ मेगाहर्ट्झचा संदेश एवढ्या जवळच्या गावावरून उडून पुढे जातो. तिथे उपयोगी पडते ती हीच बुटकी, अपमानित तार. ती पडली तर दोन बांबूंवर पुन्हा ताणता येते. वाकलेला टॉवर कोण सरळ करणार?

या सगळ्या सबबींमध्ये खऱ्या अडचणीचं नाव कुणी घेत नाही. शहरातल्या हॅमचा खरा शत्रू गोंगाट आहे. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे स्वस्त चार्जर, लिफ्टची गती सांभाळणारा ड्राइव्ह, इन्व्हर्टर, सोलर पॅनेलची इलेक्ट्रॉनिक्स. या सगळ्यांनी मिळून ४० मीटर बँडवर काटा सात-आठवर कायमचा उभा करून ठेवलेला असतो. त्याखाली आलेला कुणीही ऐकू येत नाही. आता हा गोंगाट बंगल्याने जातो का? पेठेतल्या बंगल्यालाही दोन्ही बाजूंना तेच दिवे आणि तेच चार्जर आहेत. उंच टॉवर ते सगळं उलट जास्त जोमाने गोळा करतो. उपाय वेगळे आहेत, आणि ते जागा मागत नाहीत. सेट बॅटरीवर चालवायचा, घराचा मेन स्विच दोन मिनिटं पाडायचा आणि काट्याकडे बघायचं. काटा पडला तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी चढवत तो पकडायचा, त्याच्या वायरीवर फेराइट चढवायचं, नाहीतर तो दिवाच बदलायचा. लहान लूप फिरवत नेला तर एका विशिष्ट कोनात शेजारच्या एखाद्या चार्जरचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो, कारण त्याच्या अक्षाच्या दिशेने त्याला ऐकूच येत नाही. आणि या ठिकाणी आकारवाद्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज उघडा पडतो. एचएफवर बाहेरचा गोंगाट सेटच्या आतल्या गोंगाटापेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यामुळे ऐकण्याची अँटेना अकार्यक्षम असली तर संदेश आणि गोंगाट दोन्ही सारखेच खाली येतात. दोघांमधलं अंतर तेवढंच राहतं. म्हणजे छोटी अँटेना ट्रान्समिट करताना काही डेसिबल खाते हे मान्य केलं, तरी ऐकताना ती सहसा काहीच खात नाही. आणि या छंदात बहुतेक वेळ ऐकण्यातच जातो.

आता सोसायटी. चेअरमन, सेक्रेटरी आणि तिसऱ्या मजल्यावरचे हमखास आक्षेप घेणारे काका, हे त्रिकूट उभं करून हॅममंडळी स्वतःची सुटका करून घेतात. सोसायटीला गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची काळजी असते, आणि ती रास्त आहे. भोक पाडलं की पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावर ओल येते. मग भोक पाडू नका. रंगाच्या २० लिटरच्या डब्यात काँक्रीट ओतून त्यात पाइप उभा केला की झाला खांब, किंवा टाकीच्या शिडीला क्लॅम्प लावा. विजेचं भय असतं. तारेला अर्थिंग द्या, कोअॅक्सला सर्ज अरेस्टर लावा आणि मेअखेरीच्या नि ऑक्टोबरच्या गडगडाटी संध्याकाळी, ढग दिसताच, सेटपासून कोअॅक्स काढून ठेवा; एवढी शिस्त ज्याला जमत नाही त्याला टॉवरही देऊ नये. रेडिएशनचं भय असतं, त्याला उत्तर आकड्यातच द्यावं. डायपोलला १४ मेगाहर्ट्झवर ५० वॅट सतत दिले तर १० मीटरवर शक्तीची घनता चौरस मीटरला सुमारे ०.०६५ वॅट येते. किरणोत्सर्ग-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ मध्ये सर्वसामान्य लोकांसाठी सुचवलेली पातळी २ वॅटची होती, म्हणजे ही घनता तिच्या तिसाव्या हिश्श्याइतकी. तीही सतत पाठवलं तर. प्रत्यक्षात माणूस बोलतो कमी आणि ऐकतो जास्त. आणि ५० वॅट हा काही मी सोयीने निवडलेला आकडा नाही, व्हीयू-तीनवाल्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला एचएफवर परवानगीच तेवढी आहे. तारेची टोकं मात्र कुणाच्या हाताला लागणार नाहीत अशी टांगायला हवीत, कारण तिथलं व्होल्टेज बोट भाजतं.

हे कागदावर लिहून कमिटीपुढे ठेवलेल्यांची संख्या किती असेल? बहुतेकांनी अर्जच केलेला नसतो. नकार त्यांनी मनातच ऐकलेला असतो. आणि ज्या गच्चीवर एक तार चालत नाही म्हणतात, त्याच गच्चीवर मोबाइल कंपनीच्या अँटेना भाड्याने बसलेल्या असतात. भाडं सुरू झालं की रेडिएशनचा विषय एजीएमच्या विषयपत्रिकेवरून कसा गळून पडतो, हा समाजशास्त्राचा विषय आहे. इमारतीच्या प्रत्येक खिडकीबाहेर डीटीएचची डिश लटकते आणि कपडे वाळत घालायच्या तारा तर मोजायच्याच नाहीत. त्याच मापाची डिश पश्चिमेच्या आकाशाकडे वळवली आणि मागे योग्य एलएनबी नि एसडीआर डोंगल लावलं, की नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडलेल्या कतारच्या उपग्रहावरचं हौशी रेडिओचं संभाषण घरबसल्या ऐकू येतं. त्या डिशीवरून तिसऱ्या मजल्यावरचे काकासुद्धा भांडणार नाहीत. क्रिकेटसाठी लावली आहे असंच ते धरून चालतील.

काही जण म्हणतात, आधी कायदा हवा. हॅमला अँटेना लावायचा हक्क मिळाला की मग बघू. मागणी वाईट नाही. पण अमेरिकेचा दाखला देताना तो पुरता द्यावा. तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९८५ मध्ये स्थानिक प्रशासनांना हॅमच्या अँटेनांसाठी वाजवी सवलत द्यायला सांगितलं. खाजगी वसाहतींच्या करारांना मात्र तो आदेश लागू झाला नाही. म्हणजे ज्यांना आपण हेव्याने पाहतो त्या देशातही, सोसायटीसारख्या वसाहतीत राहणाऱ्या हॅमला चार दशकं स्वतःची सोय स्वतःच बघावी लागली. त्यांनी माळ्यावर तारा ताणल्या, झेंड्याच्या काठीत अँटेना लपवली, पावसाच्या पन्हाळीला ट्यूनर जोडला. कायदा येईस्तोवर ते कव्हर घालून बसले नाहीत.

आणि मुंबईला तर कुणी बाहेरचा दाखला देण्याचीही गरज नाही. १९४२ च्या ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरात धाड पडेपर्यंत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला, तो चौपाटी-गिरगावच्या परिसरात घरं बदलत बदलत. त्याची जाहीर केलेली तरंगलांबी होती ४२.३४ मीटर. भागाकार करून पाहा: ७.०८ मेगाहर्ट्झ. म्हणजे आज ज्या ७ ते ७.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याबद्दल मुंबईतले परवानाधारक 'फ्लॅटमधून अशक्य' म्हणतात, नेमक्या त्याच पट्ट्यातून, त्याच शहरातल्या भाड्याच्या खोल्यांतून एक प्रक्षेपण केंद्र जवळपास तीन महिने चाललं. त्यांचा ट्रान्समीटर उभा करण्यात नरिमन प्रिंटर या जुन्या हॅमचा हात होता. पोलिसांच्या डोळ्यात भरेल असा टॉवर उभारण्याचा प्रश्नच नव्हता, आणि सापडल्यास शिक्षा एनओसी रद्द होण्याची नव्हती, तुरुंगाची होती. बेकायदा प्रक्षेपणाची शिफारस इथे कुणी करत नाही. परवाना खिशात असलेल्यांशीच हे बोलणं चाललं आहे. पण त्या वेळचा पोलिस कमिशनर तुमच्या चेअरमनपेक्षा सौम्य होता, असं तुम्हाला खरंच म्हणायचं आहे का?

तरी एक आक्षेप शिल्लक राहतो, आणि तो बुजुर्गांचा लाडका आहे: असल्या अँटेनावरून होणारे संपर्क खरे संपर्क नव्हेत, ते कॉम्प्युटरने केलेले. रोख एफटी-८ वर असतो. २०१७ मध्ये आलेली ही पद्धत १५ सेकंदांच्या हप्त्यांत संदेश पाठवते आणि अडीच किलोहर्ट्झच्या पट्ट्यातल्या गोंगाटाच्या शंभराव्या हिश्श्याइतका क्षीण संदेशही उकलते. ती घडवणाऱ्यांपैकी जो टेलर हे हॅम आहेत, आणि जोडताऱ्यातल्या पल्सरच्या शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेलही त्यांना विभागून मिळालं आहे. गोंगाटात बुडालेला संदेश वर काढणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्याला खोटं रेडिओकाम म्हणायला मोठीच हिंमत लागते. याच जातीचं काम आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला चालतं. तिथल्या जीएमआरटीच्या ३० डिशी प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. एवढ्या मोठ्या डिशी भरीव पत्र्याच्या करायच्या तर वजन आणि खर्च आवाक्याबाहेर जातो, म्हणून गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोरांच्या सांगाड्यावर स्टीलच्या बारीक तारांची जाळी ताणली. जाळीतून वारा निघून जातो आणि ज्या लांबीच्या तरंगांसाठी ती केली आहे त्यांना ती भरीव पत्र्यासारखीच भासते. तीही तडजोडच होती. पूर्ण पैसे मिळेपर्यंत थांबायचं त्यांनी ठरवलं असतं, तर खोडदला आज द्राक्षांचे मळेच दिसले असते.

इंटरनेट असताना हे सगळं कशाला, या प्रश्नावर फार शाई घालवायला नको. ज्याला फक्त बोलायचं आहे त्याने फोन करावा. २६ डिसेंबर २००४ ला, त्सुनामीनंतर, पोर्ट ब्लेअरहून हॅम भारती प्रसाद यांनी व्हीयू-चार कॉलसाइनवर निरोप पोहोचवले, तेव्हा फोन लागत नव्हते. हॉटेलात उभारलेल्या तात्पुरत्या स्टेशनवरून, डीएक्सपेडिशनसाठी नेलेल्या अँटेनांवर ते काम झालं. कायमचा टॉवर तिथे कुणाचाच नव्हता.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची नियमावली या सेवेचे हेतू सांगते ते तीन: स्वतःचं प्रशिक्षण, परस्परसंपर्क आणि तांत्रिक शोध. त्यात एलिमेंटांची संख्या नाही आणि टॉवरची उंची नाही. कॅटलॉगमधून मागवलेली यागी क्रेनने चढवणाऱ्याने या तिन्हींपैकी पहिलं आणि तिसरं पैसे देऊन टाळलेलं असतं. गॅलरीत तार वाकवून, छाटून, मीटर लावून, पुन्हा वाकवून ती १४ मेगाहर्ट्झवर आणणारा मात्र परवान्यातल्या शब्दाशब्दाला जागतो, कारण अडचण हाच त्याचा अभ्यासक्रम असतो. ज्यांना बंगला होईपर्यंत थांबायचं असेल त्यांनी खुशाल थांबावं. तो त्यांचा वेळ आणि त्यांचा सेट. पण परीक्षा पास होऊन दारात उभ्या असलेल्या मुलामुलींना 'शहरात हे होत नाही' असं सांगायचा अधिकार त्यांना कुणी दिलेला नाही. ते सांगायचं असेल तर आधी १० मीटर तार आणा, कठड्यावर ताणा, १४ मेगाहर्ट्झवर सीक्यू, म्हणजे सगळ्यांना हाक, द्या, आणि कुणीच उत्तर दिलं नाही तर मग डेसिबलांसकट हिशेब मांडून सांगा.